खटका, बटण आणि माणसाचा हात

जुन्या मेजावरच्या संगणकांविषयी, त्यांच्या खटक्यांविषयी आणि त्यांच्या विक्षिप्त स्वभावांविषयी बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचवले, तेव्हा आम्हांस थोडे हसू आले. विश्रामबागेत अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. या विषयातील जाणती माणसे हाकेच्या अंतरावर असताना नववीनंतर शाळा सुटलेल्या कामगार संघटकाला हे काम का द्यावे? परंतु विचार करू लागलो तसतसे वाटले की, या विषयात आमचेही काही आहे. यंत्रावर कोणी बसावे, यंत्राने किती वेगाने चालावे आणि ते केव्हा थांबावे, या तीन प्रश्नांवर आमचे आयुष्य गेले. जुन्या संगणकाच्या पुढच्या पत्र्यावर हेच तीन प्रश्न एक कुलूप, एक बटण आणि एक खटका यांच्या रूपाने बसवलेले असत. त्या दिवशी जे बोललो, तेच येथे थोडे नीट लावून लिहीत आहोत.

आमच्या युनियनच्या विश्रामबागेतील कचेरीत पहिला संगणक १९९६ साली आला. एका पतसंस्थेने नवी यंत्रे घेतली आणि जुने विकावयास काढले. वर्गणीतून आम्ही ते घेतले. यंत्र ३८६ जातीचे. ज्या पेटीला आपण सारे सीपीयू म्हणतो, ती बाजारी पेटी मेजावर आडवी ठेवलेली आणि तिच्यावर काचेचा जड पडदा बसवलेला. पतसंस्थेत ते यंत्र थंड खोलीत राहत होते व माणसे चपला बाहेर काढून त्याच्याजवळ जात. आमच्या कचेरीत त्याच्या वाट्याला पंखा, विड्यांचा धूर आणि सभेची गर्दी आली. तरी त्याने तक्रार केली नाही. कचेरीचे हिशेब पाहणारे अण्णा आणि टंकलेखन करणाऱ्या अक्का एवढ्या दोघांनाच प्रथम ते चालवता येत असे.

ते सुरू करणे हा एक छोटा विधीच होता. पेटीच्या उजव्या अंगाला मागे हात नेऊन खटका वर करावयाचा. ‘खट्ट’ असा आवाज होई, पंखा घरघरू लागे, पडद्यावर स्मृतीचे आकडे वाण्याने नारळ मोजावे तसे मोजले जात आणि शेवटी एक शिट्टी वाजे. एक शिट्टी म्हणजे सर्व ठीक. अनेक वाजल्या की अण्णांचा चेहरा उतरे. कळफलकाची वायर निघालेली असली तर यंत्र सांगे की कळफलक सापडत नाही, आणि पुढे जावयाचे असल्यास अमुक कळ दाबा! जो कळफलक नाही त्याचीच कळ दाबावयाची. हे वाचून अक्का दर वेळी हसत. फ्लॉपी आत विसरून राहिली तर यंत्र हार्ड डिस्ककडे न जाता फ्लॉपीपाशीच अडून बसे.

आता ते खटक्याचे प्रकरण समजून घेऊ. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक कामास लागला, तो एका दालनाएवढा होता. त्या जातीची यंत्रे चालू-बंद करणे हे खास माणसांचे काम असे. १९८१ च्या ऑगस्टात आय. बी. एम. कंपनीने मेजावरचा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस एक मोठा लाल खटका होता. पुढे जगभर त्या यंत्राच्या ज्या नकला निघाल्या, त्यांनी तोच खटका उचलला. या खटक्याचे वैशिष्ट्य असे की, भिंतीतून येणारी वीज खरोखरच त्याच्यामधून जात असे. काही पेट्यांत तो पुढच्या पत्र्यावर बसवीत, तेव्हा २३० व्होल्टची जाड वायर आतून पुढपर्यंत आणावी लागे. खटका खाली केला की धातूपासून धातू वेगळा होई आणि यंत्र त्या क्षणी मरे. त्या वेळी ते काय करीत होते, याची चौकशी खटका करीत नसे. आटाचक्की बंद करणारा हात आणि संगणक बंद करणारा हात यांत काही फरक नव्हता.

म्हणूनच बंद करण्यापूर्वी माणसाला काळजी घ्यावी लागे. फार जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडीवर तरंगणारे वाचनाचे टोक वीज जाताच जेथल्या तेथे तबकडीवर टेके. त्यापूर्वी ते सुरक्षित जागी नेऊन ठेवण्याची आज्ञा द्यावी लागे. तिला पार्क करणे म्हणत. अक्का संध्याकाळी विचारीत, “अण्णा, बंद करू काय?” आणि अण्णा मान वर न करता म्हणत, “पार्क केलंस का आधी?” आमच्या यंत्रातील डिस्क नंतरच्या जातीची होती व वीज जाताच ते टोक आपणहून जागेवर जात असे, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर अक्का रोज संध्याकाळी निष्ठेने पार्क करीत राहिल्या.

दुसरे बटण टर्बो नावाचे. मूळच्या १९८१ च्या यंत्राचे घड्याळ सेकंदाला सत्तेचाळीस लाख सत्तर हजार ठोके देई आणि त्या काळचे काही कार्यक्रम, विशेषतः खेळ, त्याच वेगावर बेतलेले होते. पुढची यंत्रे वेगवान झाली, तेव्हा असे खेळ अंगात आल्यासारखे धावू लागले. गाडी दिसते न दिसते तोच भिंतीवर आदळे. म्हणून यंत्राचा वेग कमी करता यावा अशी सोय पुढच्या पत्र्यावर केली. नाव मात्र विक्रीच्या सोयीने ‘टर्बो’ असे वेगाचेच ठेवले. शेजारी दिव्यांचे आकडे असत. बटण एका बाजूस असता चाळीस, दुसऱ्या बाजूस असता त्याहून कमी. हे आकडे यंत्र मोजून दाखवीत नसे. पेटी जोडणारा माणूस आत लहान टोप्या बसवून जो आकडा ठरवी, तोच तेथे दिसे. कारखान्यात उत्पादनाचे आकडे फळ्यावर कसे लिहिले जातात, हे जवळून पाहिलेले असल्यामुळे आम्हांस त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. माणसाला झेपत नाही म्हणून वेग कमी करण्याचे बटण पुढच्या पत्र्यावर, चालवणाऱ्याच्या हाताशी बसवलेले यंत्र आम्ही तोपर्यंत एकाही कारखान्यात पाहिले नव्हते.

तिसरे ते कुलूप. गोल किल्ली फिरवली की कळफलक बंद. पुष्कळ पेट्यांना एकमेकींच्या किल्ल्या चालत, तेव्हा ते कुलूप चोरापेक्षा सज्जनालाच अडवी, हे खरे. तरी अण्णा ती किल्ली जानव्याला बांधत.

आता कोणी म्हणेल, ज्या चळवळीने संगणकाला विरोध केला तिच्याच कचेरीत तो आलाच कसा? प्रश्न योग्य आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने यंत्रे आणावयाचे ठरवले तेव्हा कलकत्त्यास इलॅको हाउस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा दिला. सरकारने १९६९ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत तर ८ सप्टेंबर १९८३ रोजी कर्मचारी संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात करार झाला, तेव्हाच खातेवह्या लिहिणारी यंत्रे मर्यादित प्रमाणात आत आली. त्या काळी गेटवरच्या सभांतून आम्ही पोरवयात एकच वाक्य ऐकत असू: एक यंत्र, दहा माणसे घरी.

आज मागे वळून पाहता त्या वाक्याचा निवाडा सरळ करता येत नाही. बँकांतील कारकून एका रात्रीत रस्त्यावर आले नाहीत, आणि याला तो विरोध व ते करारही कारण झाले. परंतु नवी भरती कोठे आटली, जे काम कायम माणसाचे होते ते कंत्राटावर कसे गेले, हे आमच्यासारख्यांनी पाहिले आहे. आमची चूक वेगळीच होती. यंत्र येऊ द्यावयाचे की नाही यावर आम्ही भांडलो. आलेल्या यंत्राचा खटका कोणाच्या हाताशी राहील, हा प्रश्न आम्ही पुरेसा विचारला नाही.

खटक्याचे गुणगान करताना एक कबुली द्यावयास हवी, नाहीतर हे सारे म्हाताऱ्याचे लाड ठरतील. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या थकबाकीची यादी अक्का तीन संध्याकाळी टंकित करीत होत्या. तीनशेहून अधिक नावे, प्रत्येकासमोर रजेचा पगार, बोनस, ग्रॅच्युइटी. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरास सुनावणी होती. शेवटचे पान संपले, अक्का पाणी प्यावयास उठल्या आणि दिवसभराच्या धावपळीने चिडलेल्या आम्ही, काम संपले असे समजून, पेटीमागे हात नेऊन खटका खाली केला. यंत्र त्या वेळी यादी डिस्कवर उतरवीत होते. पुन्हा सुरू केले तेव्हा यादीच्या जागी निरर्थक चिन्हे होती. अक्का खाली बसल्या, हस्तलिखित हजेरीपट पुढे ओढला आणि पहाटे तीनपर्यंत सारी नावे पुन्हा बडवली. “भाऊ, तुम्ही झोपा, सकाळी गाडी आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही झोपलो नाही. नावे वाचून दाखवीत बसलो. सुनावणीस वेळेवर पोहोचलो, परंतु तो ‘खट्ट’ आवाज आम्हांस अजून आठवतो.

आणखी एक फजिती. आतली छोटी बॅटरी संपली की यंत्राला तारीख आठवत नसे व ते १ जानेवारी १९८० वर जाऊन बसे. अशा तारखेचे एक मागणीपत्र आमच्या सहीने एका व्यवस्थापनाकडे गेले. तिकडून उत्तर आले की, आपले पत्र आपली युनियन जन्मण्यापूर्वीचे असल्याने विचारात घेता येत नाही. तेव्हापासून पत्रावरची तारीख आम्ही हाताने लिहितो, अजूनही.

अशा चुका साऱ्या जगात होत होत्या. म्हणून खटक्याच्या जागी दुसरी गोष्ट आली. इंटेल कंपनीने १९९५ साली पेटी, आतली पाटी आणि वीजपुरवठा यांची एक नवी रचना जाहीर केली. एटीएक्स हे तिचे नाव. तिच्यात पुढच्या पत्र्यावर खटका राहिला नाही, बटण आले. दोन बारीक तारा त्या बटणापासून आतल्या पाटीपर्यंत जातात. त्यांत भिंतीची वीज नसते. ‘मालकांनी बटण दाबले’ एवढा निरोप त्या पोहोचवतात. निरोप घेणारे कोणी जागे असावे म्हणून पेटी बंद दिसत असतानाही पाच व्होल्टचा एक क्षीण प्रवाह आत सतत चालू ठेवलेला असतो. निरोप मिळाल्यावर काय करावयाचे ते कार्यक्रम ठरवतो. बंद व्हावे, झोपावे की काहीच करू नये, याची नेमणूक आधी करून ठेवलेली असते. १९९६ च्या अखेरीस या साऱ्या व्यवहाराचे नियमही ठरले. मधल्या काळात दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या. नवा कार्यक्रम आणि जुनी पेटी असली की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना येई की, आता यंत्र बंद करावयास हरकत नाही. आणि मग माणूस उठून खटका पाडी. यंत्राने परवानगी द्यावी आणि हाताने अंमल करावा, असा तो संधिकाल होता.

दोन्ही पेट्या शेजारी उघडून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस हा फरक दाखवला. एकीत अंगठ्याएवढी जाड वायर, दुसरीत शिवणाच्या दोऱ्यासारख्या दोन तारा. तो म्हणाला, “काका, पहिली म्हणजे हुकूम आणि दुसरी म्हणजे अर्ज.” यापेक्षा चांगले स्पष्टीकरण आम्हांस आजवर मिळालेले नाही.

बटणावरची खूणही हेच सांगते. जुन्या खटक्यावर दोन खुणा असत. उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. आजच्या बटणावर तुटलेल्या वर्तुळात रेघ घुसलेली दिसते. मुळात ती खूण ‘सज्ज’ या अवस्थेची, म्हणजे पूर्ण चालू नाही आणि पूर्ण बंदही नाही, अशा स्थितीची. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक प्लगला बहुधा स्वतंत्र खटका असतो. अमेरिकेतील घरांत तो सहसा नसतो. त्यामुळे रात्री भिंतीवरचा खटका पाडून झोपणारी आपली माणसे त्या ‘सज्ज’ यंत्राला आजही खरोखर बंद करू शकतात. ही जुनी सवय कंजुषी म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

अर्ज वाईट, असे आम्ही म्हणत नाही. त्या रात्री आमच्या पेटीला अर्जाची पद्धत माहीत असती, तर अक्कांची झोप वाचली असती. दुरुस्ती करणाऱ्या मुलांच्या बोटांजवळून भिंतीची वीज दूर गेली, हाही लाभ लहान नव्हे. प्रश्न एवढाच की, अर्ज फेटाळला गेला तर पुढे काय? नव्या रचनेने त्याचे उत्तर ठेवलेले आहे. बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की यंत्र कार्यक्रमाला न विचारता बंद होते. शेवटचा शब्द हाताचाच ठेवला आहे. फक्त हाताला थोडी चिकाटी दाखवावी लागते.

कारखान्यात हा विचार फार पूर्वी झाला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमात असे घातले गेले की, प्रत्येक कामाच्या दालनात आणीबाणीच्या वेळी चालत्या यंत्राची शक्ती तोडण्याची साधने असली पाहिजेत. ते साधन कामगाराच्या हाती लागावे, यासाठी किती भांडणे झाली ते आम्ही पाहिले आहे. लाल छत्रीसारखे ते बटण दाबले की यंत्र थांबते, आणि छत्री फिरवून मोकळी केली तरी यंत्र आपोआप चालू होत नाही; चालू करण्यासाठी दुसरी, वेगळी कृती करावी लागते. एखाद्याचा हात पट्ट्यात अडकलेला असताना अर्ज करीत बसता येत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

आता आजचे पाहा. आपल्या खिशातील फोनचे बाजूचे बटण दाबले तर पडदा काळा होतो. फोन चालूच असतो. जेवणाचे डबे, सामानाची पुडकी पोहोचवणारी जी मुले आमच्याकडे बसावयास येतात, त्यांचा कारखाना म्हणजे तो फोन. त्या कारखान्याला गेट नाही, भोंगा नाही आणि टर्बोचे बटणही नाही. वेग कोठे तरी दुसरीकडे ठरतो. ‘मी आता कामावर नाही’ असे दाबावयाचे बटण तेथे आहे; परंतु ते वारंवार दाबले तर उद्या काम कमी मिळेल, ही भीती त्याच्या मनात असते. मग हा अर्जच झाला. कचेरीतील माणसांचेही तेच. रात्री अकराला साहेबांचा निरोप येतो आणि तुटक्या वर्तुळासारखा माणूस ‘सज्ज’ अवस्थेत अंथरुणावर पडून राहतो.

यावर जगात विचार सुरू झाला आहे. कामाच्या वेळेनंतर निरोपांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काची तरतूद फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी सदस्याचे विधेयक संमत होण्याचा प्रसंग आपल्या संसदेत १९७० नंतर आलेला नाही, तेव्हा त्यावर भरवसा ठेवून बसण्यात अर्थ नाही. तथापि मागणीला नाव मिळाले, हे थोडे नव्हे. आठ तासांच्या दिवसाचीही आधी मागणीच होती.

म्हणून जुन्या संगणकाच्या आठवणीने जे हळहळतात, त्यांस आम्ही हसत नाही. तो मंद होता, विसराळू होता, धूळ खाणारा होता. त्याची स्मृती आजच्या स्वस्तातल्या फोनच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु काम संपले की तो संपे. पंख्याची घरघर थांबे, पडद्यावरचा प्रकाश मध्यावर एका ठिपक्यात गोळा होऊन विझे आणि कचेरीत शांतता पसरे. त्या शांततेत अण्णा किल्ली काढून घेत, अक्का यंत्रावर आच्छादन घालीत आणि आम्ही तिघे घरी जात असू. लोकांना आठवते ती ही शांतता असावी, असे आम्हांस वाटते. ती परत आणावयास जुने यंत्र लागत नाही. खटका हाताशी असावा लागतो.

आमची ती पेटी अजून कचेरीच्या माळ्यावर आहे. भंगारवाल्याने दोनदा मागितली. गेल्या वर्षी अक्कांची नात सुटीत आली होती. तिला ती खाली काढून दाखवली. तिने खटका वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. वायर जोडलेली नव्हती, तरी आवाज तोच आला. “काका, हे एवढ्यानं बंद होत होतं?” तिने विचारले. होय, म्हटले, एवढ्यानेच. फक्त आधी विचारावयाचे, यादी उतरवून झाली का.